९२ हजारांचं घर आणि शहराने अडकवलेले १५ हजार

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या एका जुन्या उपनगरातलं १९५० सालचं घर. तीन बेडरूम, साडेबाराशे चौरस फूट, मागे सुटं गॅरेज, तळघरात ओल. एप्रिल २०२४ मध्ये ते ९२,००० डॉलरला घेतलं, दुरुस्त केलं आणि ऑक्टोबरमध्ये १,८३,९०० ला विकलं. सहा महिन्यांत जवळजवळ दुप्पट! प्रत्यक्षात हातात राहिले ५,५७५ डॉलर, तेही कर भरायच्या आधी.

एवढ्याशा नफ्याचं प्रकरण कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. पण हा व्यवहार तीन ठिकाणी तोट्यात जाऊ शकला असता आणि तिन्ही वेळा तो सावरला ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या एखाद्या वाक्यामुळे. त्या ओळखींपैकी कुणीही ह्या घरात एक डॉलरही घातला नव्हता. फ्लिपिंगमध्ये, म्हणजे जुनं घर घेऊन, दुरुस्त करून लगेच विकायच्या धंद्यात, ‘नेटवर्क वाढवा’ हा सल्ला जो उठतो तो देतो. नेटवर्क म्हणजे नेमकं काय कामाला येतं, ते ह्या फाइलमध्ये चांगलं दिसतं.

घर घेणारं जोडपं मराठी आहे. तो इंजिनिअर, ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. दोघांच्या नोकऱ्या पक्क्या, शिल्लक बेताची, आणि राहत्या घरावर ४०,००० डॉलरचं हेलॉक मंजूर झालेलं. हेलॉक म्हणजे स्वतःच्या घरातल्या आपल्या हिश्श्यावर बँकेने दिलेली उचल. लागेल तेवढी घ्यायची, घेतली तेवढ्यावरच व्याज. दर प्राइमशी, म्हणजे बँकांच्या आधारदराशी, बांधलेला असतो. तेव्हा प्राइम ८.५ टक्के होता, त्यावर ह्यांना अर्धा टक्का जास्त, म्हणजे ९. त्यांचे हिशेब आणि करविवरण माझ्याकडे असतात. नाव-गाव वगळून लिहायला त्यांची हरकत नाही.

कर्ज कसं बांधलं होतं

साध्या बँकेकडे जायचा प्रश्नच नव्हता. वारसांनी विकायला काढलेलं घर, स्वयंपाकघर उखडलेलं, एक बाथरूम बंद. राहण्याजोगं नसलेल्या घरावर नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही, आणि वारसांना दोन आठवड्यांत पैसे हवे होते. म्हणून हार्ड मनी. हे सावकार तुमच्या पगारापेक्षा घराकडे बघतात: आज काय किंमत आहे आणि दुरुस्तीनंतर काय होईल. ह्या दुसऱ्या आकड्याला धंद्यात एआरव्ही म्हणतात आणि सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो.

ह्यांचा एआरव्ही धरला होता २,०५,०००. दुरुस्तीचा अंदाज ४८,०००. धंद्यातला जुना सत्तर टक्क्यांचा ठोकताळा लावला तर २,०५,००० चे सत्तर टक्के १,४३,५००, त्यातून ४८,००० वजा केले की ९५,५००. त्याच्या आत घर मिळत असेल तर घ्यावं. ९२,००० ला मिळत होतं. कागदावर सगळं ठीक.

सावकाराने खरेदीच्या ८५ टक्के म्हणजे ७८,२०० दिले आणि दुरुस्तीचे पूर्ण ४८,०००. एकूण कर्ज १,२६,२००, व्याज १२ टक्के, मुदत नऊ महिने, वर दोन पॉइंट. एक पॉइंट म्हणजे कर्जाचा एक टक्का, तो सुरुवातीलाच कापून घेतात. दोनाचे झाले २,५२४.

आता इथे जरा थांबू, कारण ‘दुरुस्तीचे पूर्ण पैसे मिळाले’ ह्या वाक्यात बरेच नवखे फसतात. ते ४८,००० हातात येत नाहीत. सावकाराकडेच राहतात. तुम्ही आधी आपल्या खिशातून काम करून घ्यायचं, मग त्याचा माणूस येऊन फोटो काढणार, झालेल्या कामापुरते पैसे सोडणार. ह्याला ड्रॉ म्हणतात. आणि व्याज? ते करारावर आहे. काही सावकार सोडलेल्या रकमेवरच व्याज लावतात. ह्यांच्या करारात मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण १,२६,२०० वर होतं. महिन्याला १,२६२ डॉलर, काम सुरू झालेलं असो वा नसो. फक्त सोडलेल्या रकमेवर असतं तर पहिल्या महिन्याला ७८२ पडले असते. पूर्ण रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लावण्याला धंद्यात ‘डच इंटरेस्ट’ म्हणतात आणि दोन सावकारांचे १२ टक्के कधीच सारखे का नसतात, ते ह्यावरून कळतं.

क्लोझिंगला, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा होतो त्या दिवशी, लागणारे पैसे असे: खरेदीतला आपला वाटा १३,८००, पॉइंट २,५२४, सावकाराचं शुल्क १,४००, मालकीहक्क तपासणारी टायटल कंपनी आणि नोंदणी १,९००, विमा १,३००. बेरीज २०,९२४. विम्याबद्दल एकच सांगतो. घर रिकामं असताना नेहमीची घरमालकाची पॉलिसी बऱ्याच नुकसानींना हात वर करते, त्यामुळे रिकाम्या आणि दुरुस्ती चालू असलेल्या घराची वेगळी पॉलिसी लागते. ती ह्यांनी घेतली होती.

४०,००० च्या हेलॉकमधून २१,००० गेले, १९,००० हातात. त्यावर कंत्राटदाराची पहिली उचल भागेल असा हिशेब होता.

शहराचा कागद

क्लीव्हलंडच्या आसपासच्या काही उपनगरांत घर विकण्याआधी शहराचा निरीक्षक येऊन तपासणी करतो. त्याला पॉइंट ऑफ सेल इन्स्पेक्शन म्हणतात. नियमभंगांची यादी निघते. विकणाऱ्याने ती कामं केली नसतील तर घेणाऱ्याने ती अंगावर घ्यायची आणि तेवढी रक्कम, कधी त्याहूनही जास्त, एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत अडकवून ठेवलेल्या खात्यात, ठेवायची. कामं पुरी झाली की पैसे परत.

ह्या घराची यादी दोन पानांची होती. गॅरेजचं छप्पर आणि दार, ड्राइव्हवेच्या उचकटलेल्या दोन लाद्या, गटर, मागच्या पायऱ्यांना कठडा नाही, बाहेरचा रंग सुटलेला, स्वयंपाकघरातले विजेचे पॉइंट अर्थिंगशिवाय. यातलं जवळजवळ सगळं त्यांच्या ४८,००० च्या अंदाजात आलेलंच होतं, त्यामुळे यादी बघून कुणी घाबरलं नाही. पण एस्क्रोची रक्कम होती १५,००० आणि ती क्लोझिंगच्या दिवशी रोख भरायची होती. सावकार ती देत नाही. त्याच्या दृष्टीने दुरुस्तीचे पैसे त्याने आधीच मंजूर केलेत.

म्हणजे एकाच कामासाठी दोनदा पैसे गुंतले: एकदा शहराकडे, एकदा सावकाराकडे. हेलॉकमध्ये उरले ४,०७६. कंत्राटदार मागत होता एक तृतीयांश उचल, १६,०००.

नवऱ्याचा मला फोन आला. “काका, वीस हजार कुठून तरी उभे करायला हवेत. क्रेडिट कार्डावर घेऊ का?” मी नको म्हटलं, पण पैसे कुठून आणायचे ते मलाही सांगता येईना.

त्या हिवाळ्यात दोघं स्थानिक गुंतवणूकदार संघटनेच्या महिन्याच्या सभांना जात होते. अशा संघटना अमेरिकेत बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, लोक त्यांना ‘रिया’ म्हणतात. तो सभेत जाऊन कार्डं गोळा करायचा. तिची पद्धत वेगळी होती. ती ज्याला भेटेल त्याला एकच विचारायची: “तुम्ही शेवटचं घर कुठल्या गावात केलंत आणि तिथे कुठे अडलात?” लोक आपण कुठे जिंकलो ते ऐकवायला उत्सुक असतात, पण कुठे अडलो ते विचारलं की जास्त वेळ बोलतात. अशाने तिच्याकडे पाच माणसं जमली: भाड्याची दहा-बारा घरं असलेला एक म्हातारा घरमालक, एक निवृत्त नर्स जी अशा व्यवहारांना स्वतःचे पैसे कर्जाऊ देते, एक गृहकर्ज अधिकारी, टायटल कंपनीतली एक बाई आणि एक घरदलाल.

पहिला फोन अर्थातच नर्सबाईंना. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझी नोंद कुठे होणार?” ह्या घरावर पहिला बोजा हार्ड मनीवाल्याचा, आणि त्याच्या करारात दुसरा बोजा चढवायला स्पष्ट मनाई. म्हणजे त्यांचे वीस हजार निव्वळ भरवशावर. त्या नाही म्हणाल्या. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. ओळखीवर बिनतारण पैसे देणारा माणूस एकदाच देतो, मग ओळखही जाते.

दुसरा फोन म्हाताऱ्या घरमालकाला. त्याने ह्याच गावात पाच-सहा घरं पास करून घेतली होती. त्याने पैशांचा विषयच काढला नाही. म्हणाला, यादीतली कामं आधी करा. आतलं काहीही हातात घेऊ नका. स्वयंपाकघर नाही, फरश्या नाहीत, रंग नाही. यादी संपली की फेरतपासणी मागा, एस्क्रो सुटेल आणि तेच पैसे स्वयंपाकघराला वापरा.

कंत्राटदार सहसा उलट्या क्रमाने जातो. आधी तोडफोड, मग नळ-वीज, मग आतलं, आणि बाहेरची कामं शेवटी. बांधकामाच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण इथे क्रम ठरवायला हवा होता पैशांच्या अडकण्यावरून. कंत्राटदाराशी परत बसले. कामाचे चार टप्पे पाडले. पहिला टप्पा फक्त यादीचा, किंमत ११,२००, उचल ४,०००, बाकी ड्रॉ आल्यावर. तो कुरकुरला पण तयार झाला, कारण त्याच्या माणसांना लगेच काम होतं. घर १९७८ च्या आधीचं असल्याने जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चालावं लागतं. बाहेरचा रंग खरवडायला शिशाच्या नियमांचं प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार हवा. ह्याच्याकडे ते होतं, तारीख तपासूनच करार केला होता.

पाच आठवड्यांत यादी संपली. सावकाराचा ड्रॉ फोटो काढल्यानंतर सहा दिवसांनी आला. शहराचा १५,००० चा चेक त्यानंतर दोन आठवड्यांनी. तिथून पुढे खेळतं भांडवल कधी कमी पडलं नाही.

मुळं

जुलैत तळघरातली मोरी उलटली. घरापासून रस्त्यापर्यंतची सांडपाण्याची जुनी मातीची नळी, तिच्या सांध्यांतून झाडाची मुळं आत शिरलेली. क्लीव्हलंडच्या जुन्या उपनगरांत ही गोष्ट नवी नाही. घेण्याआधी नळीत कॅमेरा घालून बघायला दोन-अडीचशे डॉलर लागले असते. दोन आठवड्यांत क्लोझिंग करायच्या घाईत ते राहून गेलं.

पहिल्या प्लंबरने पूर्ण नळी बदलायचे ९,८०० सांगितले. म्हाताऱ्याने सुचवलेल्या दुसऱ्याने कॅमेरा घातला, पडद्यावर बोट ठेवून दाखवलं की खराब भाग अठरा फुटांचाच आहे, आणि तेवढाच बदलून ५,५०० घेतले. दुरुस्तीचा आकडा ४८,००० वरून ५३,५०० झाला.

ती दर महिन्याला एक पान लिहून त्या पाचही जणांना पाठवायची. काय झालं, किती गेले, किती ड्रॉ आले, काय बिघडलं. जुलैच्या पानावर मुळांचा फोटो होता आणि खाली साडेपाच हजारांचं बिल. नवऱ्याला ते पटलं नव्हतं. “ह्यांनी आपल्याला एक पैसा दिलेला नाही, त्यांना आपलं रडगाणं कशाला?” ती ऐकली नाही.

त्याच महिन्यात सभेतल्या एकाने त्याला डोस पाजला की फेसबुकवर टाक, ‘बारा टक्के हमखास परतावा’, पैसेवाले रांगेत येतील. तेवढं मात्र मी हट्टाने थांबवलं. लोकांकडून नफ्याच्या आशेवर पैसे गोळा करायला निघालात की तुम्ही रोखे विकताय असं अमेरिकेचा कायदा धरू शकतो. त्यातून सूट मिळवायचे मार्ग आहेत, पण ५०६(बी) ह्या नेहमीच्या मार्गाला जाहीर जाहिरात चालत नाही, आणि ५०६(सी)ला चालते ती सगळे गुंतवणूकदार ‘अक्रेडिटेड’ असतील आणि तुम्ही ते तपासलं असेल तरच. अक्रेडिटेड म्हणजे वर्षाला दोन लाख डॉलर उत्पन्न, पती-पत्नी मिळून तीन लाख, किंवा राहतं घर सोडून दहा लाखांची मालमत्ता. ओळखीच्या एकाच माणसाने एका घराच्या तारणावर दिलेलं कर्ज ही वेगळी आणि बरीच सोपी गोष्ट असते, आणि तेही वकिलाला दाखवूनच.

चार वाटा

ऑगस्टअखेर घर तयार झालं आणि १,९९,९०० ला बाजारात आलं. दोन आठवडे लोक येऊन बघून गेले, कुणी बोली लावली नाही. एआरव्ही काढताना ज्या विकल्या गेलेल्या घरांशी तुलना केली होती, त्यातली दोन रस्त्यापलीकडची होती. रस्ता ओलांडला की शाळांचा डिस्ट्रिक्ट बदलतो. अमेरिकेत घर घेणारा आधी शाळा बघतो, हे कुणाला नव्याने सांगायला नको, पण नकाशावर अर्ध्या मैलाच्या वर्तुळात सगळी घरं सारखीच दिसतात. घर भाड्याने द्यायच्या पर्यायासाठी बोलावलेल्या अप्रेझरने, म्हणजे घराचं मूल्य ठरवणाऱ्याने, १,८६,००० लिहिले. एकोणीस हजारांचा फरक, म्हणजे जवळजवळ सगळा नफा.

सप्टेंबरच्या मध्यावर एक बोली आली. १,८८,०००, गिऱ्हाईक पहिल्यांदाच घर घेणारं, कर्ज एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं, आणि विकणाऱ्याने तीन टक्के म्हणजे ५,६४० गिऱ्हाइकाच्या खर्चाला द्यावेत ही अट. नवरा सही करायला निघाला होता.

इथे गृहकर्ज अधिकाऱ्याचं वाक्य कामी आलं. एफएचएचा फ्लिपिंगविरोधी नियम बहुतेकांना अर्धाच माहीत असतो: घर घेतल्यापासून नव्वद दिवसांत पुन्हा विक्रीचा करार केला तर एफएचए कर्ज मिळत नाही. ते नव्वद कधीच होऊन गेले होते. पण नियमाचा दुसरा भाग ९१ ते १८० दिवसांचा आहे. त्या काळात विक्रीची किंमत खरेदीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या अप्रेझरकडून पुन्हा मूल्यांकन करावं लागतं. त्याचा खर्च गिऱ्हाइकावर टाकता येत नाही. आणि दुसरं मूल्यांकन पहिल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त खाली आलं तर खालचाच आकडा धरायचा.

खरेदी ९२,०००. दुप्पट म्हणजे १,८४,०००. बोली १,८८,००० ची. क्लोझिंग १२ एप्रिलला झालेलं, म्हणजे १८० दिवस ९ ऑक्टोबरला भरणार होते. तोवर थांबायचं तर महिन्याला १,२६२ चं व्याज चालूच, आणि गिऱ्हाईक थांबेलच असं नाही.

कर्ज अधिकाऱ्याने तिला विचारलं, “१,८३,९०० ला का देत नाही? आणि ते तीन टक्के काढून टाक.” गिऱ्हाइकाला क्लोझिंगच्या खर्चासाठी मदत हवी होती, ती ओहायोच्या गृहनिर्माण संस्थेच्या, ओएचएफएच्या, योजनेतून मिळण्यासारखी होती, ती योजना तेव्हा पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना घराच्या किमतीच्या अडीच किंवा पाच टक्के देत होती आणि ते डाऊन पेमेंटला किंवा क्लोझिंगला वापरता येत होते. गिऱ्हाईक पात्र निघालं.

हिशेब मांडला. १,८८,००० ची बोली घेतली तर तीन टक्के, साडेपाच टक्के दलाली, टायटल वगैरे आणि दुसऱ्या अप्रेझलचे सातशे वजा जाऊन हातात १,६८,८७०. १,८३,९०० ला दिलं तर १,७१,३४९. किंमत चार हजारांनी कमी आणि हातात अडीच हजार जास्त! दलालीबद्दल जाता जाता: १७ ऑगस्ट २०२४ पासून गिऱ्हाइकाच्या दलालाची दलाली एमएलएसच्या, म्हणजे दलालांच्या सामाईक, यादीत दाखवणं बंद झालं आहे, त्यामुळे ती आता प्रत्येक बोलीत वेगळी ठरते. ह्यांच्या बोलीत ती विकणाऱ्याकडेच होती.

उरलेल्या दोन वाटा घर ठेवून भाड्याने देण्याच्या. नवऱ्याचा जीव तिकडे ओढत होता.

एक वाट डीएससीआर कर्जाची. ह्यात तुमचा पगार बघत नाहीत. घराचं भाडं हप्ता, कर आणि विमा ह्यांच्या किती पट आहे ते बघतात. कर्ज एलएलसीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या, नावावरही मिळतं, आणि हे घर दोघांच्या एलएलसीतच होतं. बहुतेकांना मुदतीआधी फेडल्यास दंड असतो. भाडं १,८५० ठरत होतं, पण अप्रेझरच्या भाडेपत्रकात १,८०० आले आणि सावकार दोन्हींतलं कमी धरतो. ७५ टक्के, म्हणजे १,३९,५०० चं कर्ज सव्वासात टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ९५२. कर जुन्या बिलाप्रमाणे महिना ३७५, विमा ११०. भाडं भागिले खर्च १.२५. उत्तम. पण २०२४ हे क्लीव्हलंडच्या कयाहोगा काउंटीच्या सहावार्षिक फेरमूल्यांकनाचं वर्ष होतं, आणि सावकाराने नव्या मूल्यावरून कर ४७० धरला. ओहायोत मूल्य जेवढं वाढतं तेवढाच कर वाढत नाही, १९७६ च्या कायद्याने त्याला लगाम आहे. पण सावकार जपूनच आकडा धरणार. गुणोत्तर १.१७ वर आलं, त्यांना हवं होतं १.२०. मग कर्ज ७० टक्क्यांवर, १,३०,२००. त्यातून हार्ड मनीचे १,२६,२०० आणि नव्या कर्जाचा ५,३०० खर्च गेला की हातात काही नाही, उलट १,३०० खिशातून.

दुसरी वाट फॅनी मेच्या, म्हणजे बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या, नियमांतलं नेहमीचं कर्ज. दर कमी, दंड नाही, पण घर एलएलसीतून काढून स्वतःच्या नावावर घ्यावं लागणार. शिवाय रोख काढून घ्यायची तर फेडलं जाणारं पहिलं कर्ज किमान बारा महिने जुनं हवं, हा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. बारा महिन्यांआधी जुनं कर्ज फेडण्यापुरतं नवं घेता येतं, हातात मिळणार ते नव्या कर्जाच्या एक टक्का किंवा २,००० डॉलर, जे जास्त असेल तेवढंच.

दोन्हींत हेलॉकचे चाळीसेक हजार घरातच रुतून राहणार होते. १,८५० भाड्यातून हप्ता-कर-विमा, रिकाम्या महिन्यांची आणि दुरुस्तीची तरतूद म्हणून १८ टक्के, आणि हेलॉकचं व्याज वजा केलं की डीएससीआरमध्ये महिन्याला अडीचशे आणि फॅनी मेत सव्वादोनशे डॉलरचा खड्डा. तो म्हणाला, मुद्दल फिटतंय की दरमहा, घसाराही मिळेल साडेसत्तावीस वर्षं. दोन्ही खरं आहे. पण राहत्या घरावरच्या बदलत्या दराच्या कर्जाने भाड्याचं घर पोसायचं, हे मला मान्य नव्हतं आणि तिलाही नव्हतं. फ्लिपसाठी बांधलेलं कर्ज आयत्या वेळी भाड्याच्या घराला बसत नाही. भाड्याने द्यायचं तर खरेदीची किंमतच पंधरा-वीस हजारांनी कमी लागते.

१,८३,९०० ला सही झाली. १८ ऑक्टोबरला क्लोझिंग. खरेदी ९२,०००, दुरुस्ती ५३,५००, सुरुवातीचा खर्च ७,१२४, हार्ड मनीचं व्याज ७,८००, हेलॉकचं १,६५०, कर-वीज-पाणी ३,७००. एकूण १,६५,७७४. उरले ५,५७५. विकण्यासाठीच घेतलेलं घर म्हणजे दुकानातला माल, त्यामुळे भांडवली नफ्याची सवलत नाही, एका घराचे पैसे दुसऱ्यात घालून कर पुढे ढकलायची १०३१ ची अदलाबदलही नाही. नेहमीचा आयकर आणि वर स्वयंरोजगार कर, त्याचेच ७८८. दोघांच्या एलएलसीचं भागीदारीचं विवरणपत्र वेगळं भरावं लागतं, त्याची फी मी त्या वर्षी लावली नाही.

नोव्हेंबर

शेवटच्या पानावर तिने हा सगळा हिशेब जसाच्या तसा पाठवला. २,०५,००० चा अंदाज कुठे चुकला तेही. चार दिवसांनी नर्सबाईंचा फोन आला. “पुढचं घर बघाल तेव्हा आधी मला सांगा.”

ते घर फेब्रुवारीत मिळालं, ७८,००० ला, दुरुस्ती ३५,०००. पैसे नर्सबाईंच्या सेल्फ-डायरेक्टेड आयआरएतून, म्हणजे पैसे कशात घालायचे ते स्वतः ठरवता येणाऱ्या निवृत्तीच्या खात्यातून, आले: १,००,०००, व्याज ९ टक्के, पॉइंट नाहीत. निवृत्तीच्या खात्यातून असं कर्ज देता येतं, फक्त स्वतःला, जोडीदाराला, आईवडिलांना किंवा मुलांना देता येत नाही. वचनचिठ्ठीवर नाव त्यांचं नसून कस्टोडियनचं, म्हणजे ते खातं सांभाळणाऱ्या संस्थेचं, ‘अमुक खात्याच्या लाभासाठी’ असं, आणि व्याजाचे हप्तेही कस्टोडियनकडेच जातात. एक जरी हप्ता चुकून त्यांच्या वैयक्तिक खात्यात गेला तर नसती आफत. बोजा पहिला, काउंटीत नोंदवलेला. टायटल कंपनीतल्या त्याच बाईने क्लोझिंग केलं, सावकाराची टायटल पॉलिसी वेगळी काढली, विम्यावर कस्टोडियनचं नाव चढवलं. दुरुस्तीचे पैसे टायटल कंपनीच्या एस्क्रोमध्ये, टप्प्याटप्प्याने सुटणारे, आणि व्याज सुटलेल्या रकमेवरच.

मुदत बारा महिन्यांची ठरली. मी अठरा मागायला सांगितलं होतं. त्या बारावरच अडून राहिल्या, पण अर्धा पॉइंट देऊन आणखी सहा महिने मिळतील असं चिठ्ठीतच लिहून दिलं. त्यांनी स्वतःहून घातलेली अट एकच होती: सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घालून त्याचं चित्रण आधी पाठवायचं, ते बघितल्याशिवाय खरेदीचे पैसे सुटणार नाहीत.